माधवने पुसलेला आवाज

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठी मऊ भात लावला होता. डायलिसिसहून आल्यावर त्याला दुसरं काही जात नसे. शेजारचे कुलकर्णी सकाळी त्याला गाडीतून घेऊन गेले होते. निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, "ताई, तू आज येऊ नकोस. गुडघा धरलाय तुझा, दिसतंय मला." फोनवर कुलकर्णीच होते, पण त्यांना बोलताच येईना. नुसते "ताई... ताई..." म्हणत राहिले. मागे कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मी गॅस बंद करायला हललेसुद्धा नाही. ज्याचा हात धरून मी पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं, तो माझा धाकटा भाऊ माझ्याआधी गेला, हे त्या दिवशी मला ऐकू आलं एवढंच. समजलं म्हणाल तर अजून पुरतं समजलेलं नाही.

माधव पुण्याला एका कंपनीत संगणकावर काम करायचा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही पुढे विचारायचंच सोडून दिलं. माझे यजमान गेले त्या वर्षी तो नोकरी सोडून नाशिकला माझ्याकडे राहायला आला. "तुझ्या सोबतीला आलोय," असं लोकांना सांगायचा, पण खरं तर त्यालाच सोबत हवी होती. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली मागची खोली त्याने घेतली. पहिले काही महिने तो गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि माझ्या भाजीत मीठ कमी आहे की जास्त यावर बोलायचा. रिकामपण त्याला मानवत नव्हतं.

मी पेठकडच्या आदिवासी भागातल्या एका आश्रमशाळेत बरीच वर्षं शिकवलं. तिथला माझा विद्यार्थी यशवंत आता त्याच भागात शिक्षक आहे. दिवाळीला तो आला की माधवशी गप्पा व्हायच्या. एकदा बोलता बोलता यशवंत म्हणाला, "सर, आमच्याकडची म्हातारी माणसं एकेक करून चालली. त्यांची गाणी, गोष्टी, रानातल्या झाडांची नावं... आमच्या पोरांना आता काहीच येत नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हे ठेवता येईल का?" माधवने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याला कोणीतरी पुन्हा नोकरीवर बोलावलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात आवाजच आवाज झाले. तो आणि यशवंत गावोगाव जायचे, अंगणात बसून ध्वनिमुद्रण करायचे. पुढे सायखेड्याच्या नदीकाठच्या माणसांनी पुराच्या आठवणी सांगितल्या. सटाण्याच्या एका बाईंनी अहिराणीतल्या गोष्टी स्वतःच फोनवर बोलून पाठवल्या. कोणीही भर घालावी, कोणीही चूक दुरुस्त करावी, असा तो संग्रह होता, आणि त्याचं नाव त्याने साधंच ठेवलं होतं, 'बोलणं'. मला वाटायचं, आवाज साठवले की झालं काम. पण माधवचा बराचसा वेळ जायचा तो नोंदींवर. कोण बोललं, कुठल्या गावात, कुठल्या बोलीत, कोणी नोंदवलं, हे प्रत्येक आवाजासोबत एकाच पद्धतीने लिहिलेलं असलं पाहिजे, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाच्या संग्रहाशी तो जोडता येईल. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडेल अशा प्रकारात आवाज ठेवायचा नाही. प्रत्येक गोष्टीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, गाणं ऐकायचं सोडून हे काय टाइप करत बसतोस?" तो हसला. "ताई, आवाज जपणं सोपं असतं. तो कोणाचा आहे, हे जपणं अवघड."

आणि नेमकं तिथेच त्याला दुःख मिळालं.

पेठकडच्या एका पाड्यावर भागीबाई राहतात. त्यांच्याकडे एक गाणं होतं, त्यांच्या सासूकडून आलेलं. घरातलं माणूस गेलं की ते म्हणायचं, एरवी नाही. यशवंतच्या आग्रहाने त्यांनी ते एकदा म्हटलं. त्या दिवशी मी सोबत होते. म्हणण्याआधी त्यांनी चुलीपाशी जाऊन हात जोडले होते. माधवने परवानगी विचारली, त्या हो म्हणाल्या, त्याने नोंद केली. सगळं रीतसर झालं. संग्रहातलं सगळं सगळ्यांसाठी खुलं असावं, ही त्याची श्रद्धाच होती. हे गाणंही खुलं राहिलं.

भागीबाईंची मुलगी सुंदरी दरवर्षी द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाते. बागेला लागून एक नवं रिसॉर्ट झालं होतं. एका दुपारी ती घड विरळायचं काम आटपून हात धूत असताना तिकडच्या स्पीकरवर तिच्या आईचा आवाज आला. खाली ढोल, मधे कसलं तरी वाद्य, आणि वर ते गाणं. कोणीतरी आमच्या संग्रहातून ते उचलून रिसॉर्टच्या जाहिरातीला लावलं होतं. सुंदरीला यातलं काय ठाऊक असणार? तिला एकच ठाऊक होतं, हे गाणं लागलं म्हणजे कोणीतरी गेलं. आणि आईच्या तोंडून आलं म्हणजे बाप तरी गेला, नाहीतर भाऊ. पाड्यावर फोन लागेना. ती तशीच निघाली, मिळेल त्या जीपने, शेवटचा चढ पायी. पोचली तेव्हा आई अंगणात सुपातली नागली पाखडत होती, बाप खाटेवर बसला होता, भाऊ बैल बांधत होता. सगळे होते. सुंदरी आईच्या गळ्यात पडून एवढी रडली की शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांनाही वाटलं, कोणीतरी गेलं.

यशवंतने फोनवर हे सांगितलं तेव्हा माधव "उद्या येतो," एवढंच म्हणाला. त्याची किडनी तेव्हाच साथ सोडू लागली होती. पायाला सूज होती, घाटातला प्रवास डॉक्टरांनी नको सांगितला होता. मी सांगून पाहिलं, ऐकलं नाही, म्हणून मीही गाडीत बसले.

भागीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं, घोंगडी अंथरली आणि समोर बसून विचारलं, "भाऊ, तुमी माझा आवाज नेला, तं नेला. मीच दिला व्हता. पन कोन मेलं व्हतं तिथं?"

माधवने मान खाली घातली. "कोणीच नाही, मावशी."

"मंग कशाला लावला?"

मग त्याच म्हणाल्या, "आता मी ते म्हननार नाय. गानं उष्टं झालं."

माधवने पिशवीतून लॅपटॉप काढला. फोनला कशीबशी रेंज मिळाली, त्यावरून नेट जोडलं. भागीबाईंच्या आणि सुंदरीच्या समोर त्याने ते गाणं संग्रहातून काढलं, मग जिथे जिथे प्रती होत्या तिथून काढलं. सुंदरीने विचारलं, "आता कुठंच नाय ना, भाऊ?" तेव्हा खोटं बोलून सुटता आलं असतं. मी मनात म्हटलं, बोल रे, म्हण 'नाही'. पण तो म्हणाला, "आमच्याकडे नाही. रिसॉर्टवाल्यांना लिहिलंय, तेही काढतील. पण ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये गेलंय, तिथून मला परत आणता येणार नाही. ते माझ्या हातात राहिलं नाही." सुंदरी उठून आत गेली. परतीच्या वाटेवर सावळघाटात त्याने गाडी थांबवायला लावली आणि दगडावर जाऊन बसला. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, "परवानगीच्या पुढे मी नुसतं 'हो' लिहिलं होतं, ताई. कशाला हो, ते विचारलंच नाही."

पुढची वर्षं त्याने यातच घातली. डायलिसिसच्या मधले जे दिवस मोकळे असत, त्यात तो आणि यशवंत पुन्हा त्याच अंगणांमध्ये गेले. या वेळी आवाज घ्यायला नाही, विचारायला. हे कोणी ऐकायचं? कधी ऐकायचं? बाहेरच्याला हवं असेल तर कोणाला विचारायचं? तुम्ही नसाल तेव्हा कोण सांगेल? लोकांनी जी उत्तरं दिली, ती त्यांच्याच शब्दांत नोंदीत गेली. 'पेरणीच्या आधी ऐकू नये.' 'फक्त बायकांनी.' 'माझ्या नातीला विचारा.' या शब्दांप्रमाणे संग्रहाचं दार उघडेल किंवा बंद राहील, अशी सगळी रचना त्याने नव्याने केली. बऱ्याच घरांनी सांगितलं, काढून टाका. त्याने काढलं. एका प्राध्यापकांनी घरी येऊन त्याला चांगलंच सुनावलं. "माधवराव, ज्यांचे आवाज तुम्ही पुसताय त्यातले काही लोक आता हयातसुद्धा नाहीत. हे पुन्हा मिळणार नाही. संग्रह करणाऱ्याने असं करायचं असतं का?" माधव त्यांना शांतपणे म्हणाला, "पुन्हा मिळणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर झोप लागत नाही." प्राध्यापक गेल्यावर तो जेवला नाही. त्यांचं म्हणणं चूक आहे असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. दोन्ही बाजूंचं दुःख तो एकट्याने अंगावर घेत होता, आणि अंगात तर काही उरलं नव्हतं.

संग्रह लहान झाला. पण एक झालं. ज्यांना विचारलं होतं, ती माणसं हळूहळू आपणहून येऊ लागली. पाड्यावरच्या मुली आजीला समोर बसवून स्वतः ध्वनिमुद्रण करू लागल्या, स्वतः नोंदी लिहू लागल्या, माधवच्या नोंदीतल्या झाडांच्या चुकलेल्या नावांवर काट मारून बरोबर नावं घालू लागल्या. चूक निघाली की त्याला कोण आनंद व्हायचा! खुर्चीतून ओरडायचा, "ताई, बघ, मला पुन्हा नापास केलं!"

पण भागीबाई काही आल्या नाहीत. दर खेपेला तो यशवंतला विचारायचा, "मावशी कशा आहेत?" यशवंत म्हणायचा, "बऱ्या आहेत." त्यापुढे दोघेही जात नसत.

त्या आल्या त्या तो गेल्यावर. दहावा होऊन गेला होता, घरात पाहुणे होते. यशवंतच्या मागून सुंदरी आणि तिच्या हाताला धरून भागीबाई जिना चढून आल्या. चपला बाहेर काढून ठेवल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "बाई, तुमचा भाऊ लय चांगला व्हता. खोटं बोलला नाय." मग त्याच्या फोटोसमोर जमिनीवर बसल्या, डोळे मिटले आणि ते गाणं म्हटलं. आमच्या एका भाच्याने सवयीने खिशातून फोन काढला. सुंदरीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने फोन ठेवून दिला. ते गाणं कसं होतं, त्यात काय होतं, हे मी इथे लिहिणार नाही. लिहायची मला परवानगी नाही. एवढंच सांगते, की तोवर मला रडू आलं नव्हतं.

आता यशवंत आणि त्या मुली संग्रह बघतात. मागच्या खोलीतला संगणक मात्र मी बंद करू दिलेला नाही. माधवची एक सवय होती. रोज सकाळी चहा घेताना तो संग्रहातलं कुठलंही एक ध्वनिमुद्रण लावायचा आणि शेवटपर्यंत ऐकायचा. आवाज शाबूत आहेत की नाही हे संगणक तपासतोच, पण त्याला कानाने खात्री हवी असे. ते काम मी घेतलंय. काल सायखेड्याचे एक आजोबा होते, पाणी ओट्याला लागलं तेव्हा आपण गाय कशी सोडली ते सांगत होते. त्यांच्या बोलण्यात मधे मधे, माइकपासून लांबून, हलकेच "हं" येत होतं. "मंग दावं कापलं..." "हं." "तिनं मागं वळून पाह्यलं..." "हं..." माधव हुंकार देत होता. समोरच्याला वाटलं पाहिजे ना, की कोणीतरी ऐकतंय. आता त्याने नोंदवलेलं ज्या ज्या माणसाचं बोलणं लावते, त्याच्या मागे तो आहे. शब्द एकही नाही, फक्त ते ऐकणं.

आजोबा 'गाय गेली' म्हणाले आणि थांबले. या वेळी मागून हुंकारही आला नाही. खोलीत चहा निवत होता. मग माझ्याच तोंडून आलं... "हं."