खरड छाटणीचं वर्ष

परवा निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत माझं चांगलंच हसं झालं. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही...

मी समुपदेशक, इंदिरानगरात बसते. बारावीची गौरी (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहितेय) तीनदा येऊन गेली होती. खुर्चीच्या टोकावर बसायची आणि ओढणी पिळत राहायची.

एवढंच कळलं होतं, की फिजिक्सच्या पेपरला हातपाय गार पडले, छाती धडधडायला लागली आणि निम्मा पेपर कोरा राहिला. घरी मात्र 'बरा गेला' असं सांगितलेलं... आता निकाल तोंडावर आला होता. पोरीचं जेवण सुटलं होतं, आणि वडिलांना खरं सांगायचा विषय काढला की तिचा श्वासच अडकायचा.

चार भिंतींत जमेना, म्हणून या वेळी मीच तिच्या गावी गेले. म्हटलं, चालता चालता बोलू... नाही बोललीस तरी चालेल.

घरामागेच बाग होती. पण वेलींवर एक पान नाही, नुसती उघडी खोडं आणि तारा. मी शहरातली दीडशहाणी, पटकन बोलून गेले, "अगं बाई, बाग वाळली की तुमची!"

गौरी हसली. पहिल्यांदाच.

"वाळली नाही मॅडम, खरड छाटणी झालीये. एप्रिलमध्ये करतातच."

"मग द्राक्षं?"

"या छाटणीला द्राक्षं नसतात. पुढच्या फळासाठी नुसती काडी तयार होते. फळ ऑक्टोबरच्या छाटणीनंतर."

एवढं बोलली आणि एकदम थांबली. एका खोडाच्या ताज्या कापावरून बोट फिरवलं.

वडील पलीकडच्या ओळीत ठिबकच्या नळ्या बघत होते. ती सरळ त्यांच्याकडे गेली. "पप्पा, फिजिक्सचा पेपर निम्मा कोरा गेलाय. मी खोटं बोलले..." मग रडत रडतच म्हणाली, "यंदा माझं खरड छाटणीचं वर्ष धरा ना."

त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"छाटलेल्या बागेला द्राक्षं कोण मागतं, पोरी?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी जेवत नव्हती का तू?"

भीती एका दिवसात जात नाही, आमच्या भेटी चालूच राहणार आहेत. पण त्या दुपारी गौरी दोन भाकरी जेवली, माझ्या शेजारी बसून.

इतकी वर्षं मी मुलांसाठी धीराचे शब्द शोधत आले. हिचे शब्द हिच्याच घरामागे होते... मी फक्त तिथं जाऊन बाग वाळली म्हणायची चूक केली.