छातीला पट्टा, घड्याळ बायकोच्या हातात

माझ्या छातीत ठोके किती पडताहेत, हे एके काळी आमच्या घरात सगळ्यांत आधी माझ्या बायकोला कळायचं. मला ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

झालं असं, की शेचाळिसाव्या वर्षी भाताची पोती गाडीत चढवताना माझ्या छातीत कळ आली. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय थोडं थकलंय. घाबरू नका, रोज चाला. पण ठोके मिनिटाला एकशे दहाच्या वर जाऊ देऊ नका." आता चालता चालता ठोके मोजायचे कसे? मी एकदा मनगटाची नाडी धरून बांधावरून चालून पाहिलं आणि ठोके मोजण्याच्या नादात सरळ खालच्या वाफ्यात गेलो. (भात कापून झालं होतं म्हणून बरं!) माझा भाचा बोटीवर नोकरीला होता. त्याला हे कळलं आणि पुढच्या सुट्टीत त्याने परदेशातून एक यंत्र आणलं. छातीला बांधायचा रबरी पट्टा आणि मनगटावर घालायचं घड्याळ. पट्टा ठोके ओळखणार, घड्याळ आकडा दाखवणार आणि एकशे दहा ओलांडले की पिप्-पिप् करून बोंब मारणार. मध्ये तार वगैरे काही नाही. फक्त पट्टा आणि घड्याळ एकमेकांपासून हातभर अंतरात हवेत.

"घड्याळ मी घालनार," बायको म्हणाली.

"अगं, ठोके माझे हाईत."

"म्हणूनच. तुमच्या हातात दिलं तर तुमी त्ये बंद करून बसशीला."

ती मला चांगली ओळखते, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून आमचं चालणं सुरू झालं. आमच्या जोयड्याकडे बिनकामाचं कोणी चालत नाही. रस्त्याने निघालेल्या माणसाच्या हातात कोयता, दावं, निदान पिशवी तरी असते. त्यातून लग्नाला बावीस वर्षं झाली तरी रस्त्याने मी पुढे आणि बायको दहा पावलं मागे, अशी आमची रीत. आता ती हातभर अंतरावर, पट्ट्याच्या टप्प्यात! माझी शेवंता आत्या तेव्हा ऐंशीच्या घरातली. दात एकही नव्हता, पण जीभ शाबूत होती. ती ओसरीवरून ओरडली, "काय गं, तुमचं लगीन काल झालं व्हय?" माझे कान तापले आणि घड्याळ पिप्-पिप् करू लागलं. आळीतली सगळी दारं उघडली. महिनाभर हाच कार्यक्रम चालला आणि त्यात माझ्या हृदयापेक्षा गावाची करमणूक जास्त झाली.

अशात उळवीची जत्रा आली. आम्ही दरवर्षी बैलगाडीने जातो. वाटेत घाटाचा चढ लागला, की बैलांचा भार हलका करायला गाडीतली धडधाकट माणसं खाली उतरून चालतात. गाडीत उरतात म्हातारी माणसं, तान्ही पोरं आणि भाकरीची गाठोडी. शेचाळीस वर्षांचा बाप्या चढाला गाडीत बसलेला दिसला, तर पुढच्या जत्रेपर्यंत लोक त्याची चेष्टा करतात. बायकोने मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीच बजावलं, "चढाला ह्ये वाजलं, की गाडीत बसायचं. म्हातारीच्या शेजारी."

घरामागच्या टेकाडावर अर्ध्यातच घड्याळ वाजायचं, मग घाटाची काय कथा! मला झोप येईना. शेवटी मी माझ्या मेहुण्याला, परशाला गाठलं. हा बायकोचा धाकटा भाऊ रानात बांबू तोडायच्या कामावर जायचा. स्वभावाने असा थंड, की वाघ दिसल्याचं सांगतानाही त्याचा आवाज चढत नसे. असले ठोके मला उसने हवे होते.

"परशा, उद्या पट्टा तू बांध आणि अक्काच्या शेजारनं चाल."

"आणि अक्काला कळलं तर, दाजी?"

"तुझा सदरा उघडून कोण बघतंय?"

घाट लागला. गाडी पुढे, आम्ही मागे. घड्याळवाली बायको मध्ये, तिच्या उजवीकडे मी, डावीकडे परशा. घड्याळात ब्याऐंशी. मी मात्र पहिल्या वळणालाच दमलो होतो.

"तुमी एवढ्या धापा टाकताय आणि हितं ब्याऐंशीच कसं?" बायकोने विचारलं.

"सवय... झाली... चालायची," मी तीन तुकड्यांत सांगितलं.

दुसऱ्या वळणावर मागच्या गाडीतली एक मुलगी तांब्या घेऊन पुढे आली. खानापूरकडच्या आमच्या ओळखीच्या घरातली, सुमन तिचं नाव. पाण्याची कळशी आमच्या गाडीला मागे बांधलेली होती.

"काका, पानी घेऊ काय?"

मी हसून कळशी वाकवली आणि घड्याळ कोकललं. एकशे सव्वीस! बायकोने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अजून हसतच होतो. सुमन पाणी घेऊन गेली आणि आकडा पुन्हा चौऱ्याऐंशीवर आला. जरा वेळाने ती आईसाठी पाणी न्यायला आली. एकशे अडतीस.

बायकोने गाडी थांबवायला लावली. "सुमन, मागं जा गं जरा." नव्वद. "आता ये." एकशे एकतीस. "परत जा." ती बिचारी पोर तांब्या हातात घेऊन चार वेळा ये-जा करून दमली. मागच्या गाड्या थांबल्या, माणसं गोळा झाली. शेवंता आत्याने गाडीतून मान बाहेर काढली आणि म्हणाली, "ह्या वयात?"

"अवो, तिच्या बापाच्या वयाचं तुमी," बायको म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

आता मी काय करावं? खरं सांगितलं तर गाडीत गाठोड्यांशेजारी रवानगी. नाही सांगितलं, तर सगळ्या जत्रेत बदनामी. मी परशाकडे पाहिलं. तो झाडांचे शेंडे मोजत होता आणि घामाने निथळत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी भर रस्त्यात सदऱ्याची बटणं सोडली आणि उघडी छाती सगळ्यांना दाखवली.

बायकोने डावीकडे वळून परशाच्या सदऱ्यात हात घातला आणि पट्टा ओढून बघितला.

"परशा, खरं काय त्ये सांग."

"अक्का, गेल्या जत्रंपासनं," परशा मान खाली घालून म्हणाला. आवाज तसाच थंड. घड्याळात एकशे सत्तेचाळीस.

घाटात असा हशा उठला, की बैल बिथरले. सुमन तोंडाला पदर लावून गाडीमागे पळाली, पण मागून परशाकडे बघत होती हे सगळ्यांनी पाहिलं. दोन्ही घरच्या माणसांनी तिथेच बोलणी सुरू केली आणि उळवीला पोचायच्या आत सुपारी फोडायचं ठरलं.

बायकोने मात्र पट्टा काढून घेतला, पाण्याने ओला केला आणि माझ्या छातीला बांधला. एकशे बावन्न.

"मला फसवून वाटंतच पडला असता, तर मी काय करायचं हुतं?" ती हळूच म्हणाली.

मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी मुकाट्याने गाडीत चढलो आणि शेवंता आत्या आणि भाकरीची गाठोडी यांच्या मध्ये बसलो. बायको गाडीच्या मागच्या फळीला धरून माझ्याजवळून चालू लागली. हळूहळू आकडा उतरत चौऱ्याहत्तरवर आला.

पण तिच्या मनात एक शंका उरली असावी. तिने हाक मारली, "सुमन, काकांना पानी दे गं." सुमन आली. आता ती घरचीच होणार होती. माझ्याकडे बघून गोड हसली, वाकून तांब्या माझ्या हातात दिला. बायकोची नजर घड्याळावर. चौऱ्याहत्तर. सुमन आणखी जरा थांबली. चौऱ्याहत्तरच.

बायकोचा चेहरा असा खुलला, की उरलेला चढ ती गुणगुणत चढली. मी पाणी प्यायलो आणि त्या न हलणाऱ्या आकड्याकडे बघत बसलो. मी गाठोड्यांतच बसायच्या लायकीचा आहे, यावर परदेशी यंत्राने शिक्का मारला होता.