शांत आणि मितभाषी मनकर्णा

मनकर्णा वर्गात जरा वेळ गप्प बसली की गोरक्षनाथ सर फळ्याकडून वळायचे आणि म्हणायचे, "अगं, तिच्या कपाळाला हात लावून बघ. ताप आलाय का?" हात लावून बघणारी मी. खर्ड्याच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ताप कधीच नसायचा. पुढं काय बोलायचं ते ती ठरवत असायची, एवढंच.

तिला प्रश्न पडायचे आणि पडलेला प्रश्न पोटात ठेवणं तिला जमत नसे. किल्ल्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ पाणी कुठून पितो? मेंढरांना आपापली आई आवाजावरून कळते की वासावरून? एसटीचा ड्रायव्हर एकटाच असला तर स्वतःशी बोलतो का? तिचे वडील सूर्यभान फारच कमी बोलायचे. आई रंगुबाई म्हणायची, "समद्या घराचं बोलणं या एकटीनंच उचललं. बाकीच्यांला उरलंच न्हाई."

आम्ही दहावीत गेलो ते बहात्तर साल. पाऊस पडला नाही, विहिरींनी तळ दाखवला, आणि निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. सूर्यभान आणि रंगुबाईही जायचे. त्याच सुमाराला बोअर घेणारी एक परदेशी संस्था आमच्या भागात आली. तिचं यंत्र जमिनीत घुसताना बघायला अख्खी शाळा पळाली होती. यंत्रावरच्या माणसाला मनकर्णानं इतके प्रश्न विचारले की त्यानं शेवटी कानात कापूस घातला. तो यंत्राच्या आवाजासाठी घातला असं ती म्हणायची.

याच संस्थेचं एक पत्रक शाळेत आलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. पुढच्या जुलैत स्वित्झर्लंडच्या डोंगरात मुलामुलींचं एक महिन्याचं उन्हाळी शिबिर होणार होतं. बऱ्याच देशांतून मुलं येणार होती आणि आपल्याकडच्या दुष्काळी जिल्ह्यांतून मिळून दोघांना निवडणार होते. जाण्यायेण्यासकट सगळा खर्च संस्थेचा. आधी अर्ज, मग नगरला मुलाखत.

वर्ग हसला. खर्ड्याहून जामखेडला जायचं तरी आम्ही दोन दिवस आधी ठरवत होतो. मनकर्णा मात्र उभी राहिली.

"सर, जुलैत उन्हाळी शिबिर कसं? जुलैत तर पेरण्या असत्यात."

"त्यांचा उन्हाळा तेव्हाच असतो."

"मग आपला उन्हाळा चालू असतो तवा त्यांचं काय चालू असतं?"

"तू तिकडं जाऊन विचार," सर वैतागून म्हणाले. मनकर्णानं ते मनावर घेतलं.

अर्ज इंग्रजीत होता. शाळा सुटल्यावर सर, ती आणि मी असे तिघं तो भरायला बसलो. छंदाच्या रकान्याशी गाडी अडली.

"तिकिटं गोळा करणं, असं लिहू," सर म्हणाले.

"पण मी न्हाई करत."

"मग तुला काय आवडतं?"

"बोलायला."

"बोलणं हा छंद नसतो, मनकर्णा. तो स्वभाव असतो."

शेवटी वाचन लिहिलं. ते खोटं नव्हतं. दुकानातून आलेल्या पुडीचा कागद ती सरळ करून दोन्ही बाजूंनी वाचायची आणि बातमी अर्धवट फाटलेली असली की पुढचं आम्हाला स्वतःच सांगायची.

पुढं विचारलं होतं, पोहता येतं का. येत होतं. तिच्या चुलत्यानं, आसारामनं, पाठीला वाळका भोपळा बांधून तिला घरच्याच विहिरीत पोहायला शिकवलं होतं. पण आता विहिरीत बेडूक राहायलाही ओल नव्हती. उद्या कुणी पोहून दाखव म्हटलं तर? बराच विचार करून सरांनी लिहिलं, "होय, पाणी असल्यास."

मग शिक्षकाचं शिफारसपत्र. सरांनी असलं पत्र आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यांच्याकडं पत्रलेखनाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्यात कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी एक नमुना होता. तो त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. मुलगा शांत, मितभाषी आणि आज्ञाधारक आहे, नेमून दिलेल्या कामापलीकडे तो लक्ष घालत नाही, असं त्यात होतं. मुलाच्या जागी सगळीकडे मुलगी केली. एका ठिकाणी करायची राहिली, ते आम्हाला फार पुढं कळलं.

मनकर्णानं शब्दकोश घेऊन ते पत्र वाचलं. "सर, हे कुणाबद्दल हाय?"

"तुझ्याबद्दल."

तिनं शब्दकोश मिटला. "मग मला आता असं व्हावं लागंल."

सर जरा ओशाळले. "मुलाखतीपुरतं," ते म्हणाले.

आता पालकांची सही. संध्याकाळी सूर्यभान कामावरून येऊन हातपाय धूत होते. सरांनी सगळं समजावून सांगितलं. रंगुबाई चुलीपुढून म्हणाली, "पोरीची जात. इमानातून पाठवायची म्हंजी काय? उद्या सोयरीक बघताना लोक काय म्हनतील?"

सूर्यभाननं विचारलं, "किती पोरं अर्ज करत्याल, गुरुजी?"

"शेकड्यांनी."

"आन घेनार दोन."

"दोन."

सूर्यभाननं टॉवेलाला हात पुसले आणि सही केली. "लागंल तवा बघू," ते बायकोला हळूच म्हणाले. "पोरीला कशाला आताच न्हाई म्हना?" त्यांचा हिशेब सरळ होता. नाही म्हणायचं काम तिकडचे लोक करणार होते.

पण मुलाखतीचं बोलावणं आलं. फेब्रुवारीत सर, सूर्यभान आणि मनकर्णा पहाटेच्या एसटीनं नगरला निघाले. सरांनी तिला एकच मंत्र दिला होता, "विचारलं तेवढंच बोल." पत्रातल्या मुलीसारखं वागायचा सराव म्हणून ती जामखेडपासून तोंड मिटून बसली. कड्याच्या स्टँडवर चहा झाला, चिचोंडी गेली, तरी हूं नाही की चूं नाही. सूर्यभान अस्वस्थ झाले. त्यांनी खिडकी उघडली, तिला लिंबू हुंगायला दिलं. अखेर सरांना म्हणाले, "गुरुजी, हिला गाडी लागली बगा. आसंच मागारी फिरू."

मुलाखत एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. बाहेर बाकांवर बूटमोजे घातलेली, टाय लावलेली मुलं बसली होती. मनकर्णानं धुतलेला निळा परकर आणि पांढरं पोलकं घातला होता, आणि वेण्यांना रिबिनी. आत तिघंजण होते. संस्थेच्या एक स्विस बाई, मराठी शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आणि लष्करातून निवृत्त झालेले एक कॅप्टन. पुढचं मला मनकर्णानंच तिघांच्या आवाजात करून दाखवलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. दाराच्या फटीला कान लावून उभे राहिलेले सरही ते तसंच सांगायचे.

"तुझा आवडता विषय?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"भूगोल."

"का?"

"आवडतो."

"घरची आठवण आली तर काय करशील?"

"काही नाही."

कॅप्टनसाहेबांनी अर्ज चाळला. "पोहता येतं, पाणी असल्यास. म्हणजे काय?"

"विहीर आटली आहे."

दाराबाहेर सर खूश होते. इतकी शांत आणि मितभाषी मुलगी त्यांनीही कधी पाहिली नव्हती. आत मात्र तिघांची तोंडं उतरत चालली होती. बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि शेवटचं म्हणून विचारलं, "बरं, तुला आम्हाला काही विचारायचंय का?"

मनकर्णानं दाराकडं बघितलं. विचारलं तेवढंच बोलायचं होतं. आणि आता तर विचारा असंच विचारलं होतं.

"बाई, तुमच्याकडं डोंगरावरचा बर्फ वितळतो, ते पानी कुनाचं असतं?" तिनं इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला मराठीवर आली. प्राध्यापिका तिचे प्रश्न भराभर बाईंना इंग्रजीत सांगत सुटल्या. वरच्या गावानं पाणी अडवलं तर खालच्या गावानं काय करायचं? भांडणं होतात का? झाली तर मिटवतो कोण? स्विस बाई म्हणाल्या की त्यांच्या आजोळी डोंगरातून लाकडी पाट काढून पाणी आणतात आणि कुणाच्या शेताला कधी द्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात.

"मग रातची पाळी कुनाला देतात?" मनकर्णानं लगेच विचारलं. "आमच्याकडं गरिबाला देतात."

 बाई हसून म्हणाल्या, "आमच्याकडंही."

कॅप्टनसाहेब खुर्ची पुढं ओढून बसले. बर्फात गाईंना काय घालतात, तिथं कुणी मनकर्णाच्या आईवडिलांसारखं खडी फोडतं का, यंत्रावरच्या त्या माणसाला पगारी सुटी मिळते का, तो घरी पत्र लिहितो का, जमिनीखालचं पाणी उपसून संपलं तर पुढं काय करायचं. या शेवटच्या प्रश्नावर तिघांचं आपापसात चांगलंच वाजलं. बाहेर टायवाल्या मुलांचं जेवण लांबलं.

अखेर प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "तुझ्या सरांनी तर तू फार कमी बोलतेस असं लिहिलंय."

"ते पुस्तकातल्या पोराबद्दल हाय," मनकर्णा म्हणाली. "सर चांगले हायत. त्यांना दुसरं पत्र गावलं न्हाई."

दाराबाहेर सरांनी भिंतीला हात टेकला. येताना एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत. मनकर्णा मात्र नगरपासून खर्ड्यापर्यंत बोलत होती, आणि सूर्यभान निश्चिंत होऊन झोपले.

मार्चमध्ये कळलं. दोघांत ती होती. दुसरा मुलगा उस्मानाबादकडचा होता. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं तेव्हा मनकर्णाच गप्प झाली, आणि मी सवयीनं तिच्या कपाळाला हात लावला.

घरी रंगुबाईनं नवऱ्याला धारेवर धरलं. "सही कुनी केली? मी केली का?"

"मला काय ठावं ती लोकं हिलाच निवडतील," सूर्यभान म्हणाले. "हितं तर हिला कुनी ऐकून घेत न्हाई."

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी रंगुबाईनं स्वतःच विषय काढला. कामावर मुकादमाची बायको बायडाबाई तिला म्हणाली होती की पोरगी परदेशात गेली तर नाक कापलं जाईल. ते ऐकून रंगुबाईचा सगळा विरोध मावळला. बायडाबाईच्या मनासारखं काही होऊ द्यायचं नाही, हा तिचा फार जुना नेम होता.

मग धावपळ. पासपोर्टासाठी नगरला फोटो काढायला गेले, तिथं फोटोवाला तीनदा म्हणाला, "बाई, बोलू नका, फोटो हलतो." कॅप्टनसाहेबांच्या घरून एक लोकरीचा कोट आला. भर मे महिन्यात, पारा चढलेला असताना, रंगुबाईनं तो लेकीच्या अंगावर घालून अंगणात फिरवून बघितला, कुठं टोचतो का म्हणून. गावातली पोरं बघायला जमली. सूर्यभाननं आपलं घोंगडं घडी करून दिलं. कोट परक्याचा, त्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं होतं.

शिबिराच्या गोष्टी तिनं आल्यावर महिनाभर सांगितल्या. तिथं तळं होतं आणि पोहायची परीक्षाही झाली. पाणी इतकं गार होतं की ती आत पडल्या पडल्या मराठीत ओरडली आणि कधी नव्हे इतक्या झटपट पलीकडे गेली. कोट एका ब्राझीलच्या मुलीनं घातला आणि घोंगड्यात हिच्यासह तिघी बसायच्या. खोलीत तिच्याबरोबर फिनलंडची एक मुलगी होती, अतिशय अबोल. मनकर्णाचं इंग्रजी दुपारपर्यंतच पुरायचं, संध्याकाळी ती मराठीत बोलायची. त्या मुलीला एक अक्षर कळत नसे, पण ती ऐकायची. महिन्याच्या शेवटी निरोपाच्या जेवणाला कुणीतरी त्या अबोल मुलीला विचारलं, आणखी वाढू का, तर ती म्हणाली, "न्हाई. लई झालं."

ऑगस्टमध्ये मनकर्णा परत आली. त्या साली पाऊस झाला होता आणि शेतं हिरवी होती. स्टँडवर शाळा, ग्रामपंचायत, बायडाबाई, सगळे आले होते. शाळेत तिचं भाषण ठेवलं, ते मधली सुट्टी खाऊन पुढं गेलं. गोरक्षनाथ सर पहिल्या रांगेत बसून हसत होते. मुलांनी विमान विचारलं, बायकांनी खाणंपिणं विचारलं, रंगुबाईनं तिथल्या बायका डोक्यावरून पदर घेतात का ते विचारलं.

सूर्यभाननं काहीच विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या वावरात गेलो, तेव्हा ते बाजरीत खुरपत होते. बराच वेळ खुरपं चालवून झाल्यावर मान वर न करता ते म्हणाले, "तिकडची माती कशी हाय?"

मनकर्णानं सांगायला तोंड उघडलं आणि थांबली. एवढं सगळं बघितलं होतं, पण हे नीट बघितलं होतं का, ते ती आठवत होती.

"काळी हाय, दादा," ती म्हणाली. "हातात घेतली तर सुटते. आन वरच्या अंगाला लई दगड."

"दगड येचत्यात का?"

"येचत्यात. बांधाला रचून ठेवत्यात."

सूर्यभाननं मान हलवली आणि पुढची ओळ धरली. मनकर्णानं कडेला पडलेलं दुसरं खुरपं उचललं आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत बसली.