वडील असताना दिलेला अग्नी

मित्रांनो, आज सकाळी मी उल्हासनगर कॅम्प चारच्या स्मशानात होतो. बेवारस मृतांचे अंत्यसंस्कार करणाऱ्या आमच्या गटात मी आजवर फक्त लाकडं रचायचो. वडील हयात असलेल्याने अग्नी देऊ नये, ही आमच्या गावची रीत.

नेहमी अग्नी देणारे काका आज आजारी पडले. आम्हा उरलेल्या तिघांचेही वडील हयात. चितेवर रेल्वे फलाटावर वारलेला एक म्हातारा.

प्रेत घेऊन आलेला गाडीवाला म्हणाला, "भाऊ, लावा ना कोणीतरी. किती वेळ ठेवणार बाबाला?"

मी गावी वडिलांना फोन करून विचारलं. अण्णा म्हणाले, "दे रे. माझ्या वेळी तू पोचशील की नाही, देवालाच ठाऊक. त्याचं तरी वेळेवर कर."

मी फोन ठेवला. रामाचं नाव घेतलं आणि त्या अनोळखी बाबांना मी अग्नी दिला.