बादली नसलेलं घर

"फ्रॉस्टबाइट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थर्ड डिग्री. उजव्या हाताची चार बोटं." मग मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, की थंडीने बोटांच्या आतलं पाणी गोठलंय, रक्त जायच्या वाटा बंद झाल्यात, आणि ही बोटं राहतील की जातील ते आज त्यांनाही सांगता येणार नाही.

शिकागोतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी पडले होते. बोटं माझ्यासमोर उशीवर ठेवलेली. पांढरी, मेणबत्तीसारखी, टणक. नर्सने टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज आला. दुखत मात्र काहीच नव्हतं. थंडीच्या देशात राहायला जाणाऱ्या माझ्या आयाबायांनो, हे आधी ध्यानात ठेवा: हात दुखतोय तोवर तो तुमचा आहे. दुखायचा थांबला की धावपळ करा.

याच हाताने मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. खोटं कशाला बोलू, छडीही मारली. गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पलीकडे आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तरीण होते. नवरा गेला, मी रिटायर झाले, आणि मिलिंद, माझा एकुलता एक लेक, मला कायमची इकडे घेऊन आला. अजून लग्नाला तयार नाही, तो वेगळा आजार.

आले तेव्हा झाडं लाल-पिवळी होती आणि मी खूश होते. पहिल्याच दिवशी अंघोळीला गेले तर मोरीत बादली नाही, मग्गा नाही. वरून पाणी पडायचं आणि आपण खाली उभं राहायचं. साबण लावेपर्यंत नुसतं वाहून जाणार. मी मिलिंदला बादली मागितली. तो हसला. "आई, इथं कुणी बादली ठेवत नाही." मी म्हटलं, बरं बाबा, जसा देश तसा वेश. पण अंगाला साबण लावताना नळ मी बंद करायचेच.

मग थंडी आली. आपल्याकडची थंडी शाल पांघरली की पळते. ही थंडी मारायला उठते. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ होतात, डोळ्यांतलं पाणी पापणीवर गोठतं. सूर्य चांगला लख्ख असतो, पण त्यात राम नसतो. तळ्यावरून वारा येतो तो थेट कानफटात बसतो. टीव्हीवर 'विंड चिल' सांगतात. म्हणजे थंडी असते त्याहून, वाऱ्यामुळे अंगाला किती जास्त झोंबते त्याचा हिशेब. घरात हीटर, त्याने कातडी तडकते, नाकातून रक्त येतं. लोकरीचे मोजे घालून दाराची मूठ धरली की विजेचा चटका बसतो. पातळावर दोन स्वेटर, त्यावर मिलिंदचा कोट घालून मी खिडकीपाशी बसायचे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घरातल्या घरात किती दिवस कोंडून घ्यायचं, असा मला राग यायचा. कोणावर काढणार?

जानेवारीत एक लाट आली. बाहेर उणे तीसच्या आसपास, वाऱ्यात त्याहून वाईट. स्वयंपाकघरातला पाण्याचा पाइप बाहेरच्या भिंतीतून जातो. पाणी थांबलं की गोठतं, गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून कामाला जाताना मिलिंदने नळ बारीक धारेने चालू ठेवला आणि बजावलं, "आई, याला हात लावायचा नाही. दिवसभर असाच वाहू दे."

मी हो म्हणाले. टीव्ही लावला. आवाज मोठा केला. तरी ती धार ऐकू येत होती. दुसऱ्या खोलीत गेले, तिथेही ऐकू येत होती. दुपारच्या आत उठले आणि नळ घट्ट बंद केला.

का केला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावात सलग दोन वर्षं पाऊस नव्हता तेव्हाची गोष्ट. टँकर यायचा तो दूध सोसायटीसमोर थांबायचा, कारण सोसायटीत ज्यांचं वजन त्यांचीच टिपाडं पहिली. आमची बौद्ध वस्ती शेपटाला. आमच्यापर्यंत पाइप यायचा तेव्हा नुसती हवा यायची. एके सकाळी माझी थोरली जाऊ, सोजरबाई, हिने तो पाइपच धरला आणि ओढत आमच्या टिपाडाकडे निघाली. मागून एका बाईने तिच्या डोक्यात भरली घागर घातली. तीही मेंढरं राखणाऱ्यांची, आमच्यासारखीच तहानलेली. डाव्या कानामागे सोजरबाईचं डोकं फुटलं. ती टिपाडावर आडवी झाली, पण पाइप सोडला नाही. रक्त टिपाडात पडत होतं आणि वरून पाणी पडत होतं. ते पाणी आम्ही ओतून दिलं नाही. फडक्याने गाळून घेतलं आणि वापरलं. सोजरबाईला त्या कानाने आजही ऐकू येत नाही.

हे पाहिलेल्या बाईला वाहता नळ दाखवून, हात लावू नको म्हणता?

जेवण करून मी जरा पडले होते. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. सिंकखालच्या कपाटाचं दार धाडकन उघडलं आणि पाणी सुटलं. बर्फाचं पाणी, छातीत लाथ मारल्यासारखं. मी आधी दोन्ही हातांनी पाइप दाबला. मग फडकी कोंबली. नाही थांबलं. कोणीही शहाणं माणूस दार उघडून ओरडलं असतं. मी काय केलं असेल? पातेली काढली. कुकर, डबे, परात, जे सापडेल ते भरत सुटले. अंगावरचं पातळ चिंब भिजलेलं, पायात ओले मोजे, आणि मी पाणी भरतेय.

ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मागचं दार उघडलं. तिथे लाकडी जिना आणि छोटासा ओटा आहे. भरलेलं पातेलं घेऊन मी ओट्यावर गेले आणि वाऱ्याने मागून दार आपटलं. त्या दाराला आपोआप कुलूप लागतं. किल्ली आत.

ओल्या उजव्या हाताची बोटं पातेल्याच्या कडेला चिकटली. कातडी धातूला घट्ट चिकटते, हे मला ठाऊक नव्हतं. डावा हात मी पदरात गुंडाळून काखेत घातला. जिन्यावर बर्फ साचलेला, ओल्या मोज्यांनी उतरायची हिंमत होईना. खाली ओरडले, आवाज वाऱ्याने खाल्ला. दाराची काच फोडायची हे सुचलं होतं, पण हातात एकच वस्तू होती आणि ती पाण्याने भरलेली होती. आता तुम्हाला हसू येईल. पाणी ओतायचं माझ्याच्याने होईना. मी तशीच उभी राहिले, दुधावर साय धरावी तसा पाण्यावर बर्फ धरला, तरी उभी. मग गुडघे वाकायला लागले, झोप यायला लागली, आणि मला स्वतःचाच असा संताप आला की मी ते पाणी ओट्यावर ओतलं, शिवी हासडली आणि पातेलं काचेवर घातलं. एकदा, दोनदा, काच फुटेपर्यंत.

त्या आवाजाने खालचा म्हातारा शेजारी वर आला. त्याने मला आत ओढलं, ओलं पातळ सोडवलं, घोंगडी टाकली, पाण्याची मुख्य चावी बंद केली आणि अँब्युलन्स बोलावली. मी हात शेगडीवर धरायला निघाले होते. आपल्याकडे गारठलं की शेकतात ना. त्याने मनगट धरून मला खाली बसवलं. बरं केलं. बधिर बोटाला जळालेलं कळत नाही. शेकू नका, चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. सोसवेल इतपत कोमट पाणी, आणि तेही हॉस्पिटलात.

त्या कोमट पाण्याला 'रिवॉर्मिंग' म्हणतात. ऐकायला किती गोड! हात टबात ठेवला आणि थोड्या वेळाने बोटांत जीव परत यायला लागला. जणू कोणी नखांखालून तापलेल्या सुया सारतंय. मी बाळंतपण सोसलंय, पण तेव्हाही असं ओरडले नव्हते. एक धिप्पाड पुरुष नर्स माझा हात दाबून बसला होता. त्याला मी लाथ मारली. "सोड रं मुडद्या, हात सोड माजा!" त्याला काय कळणार? तो म्हणाला, "येस मॅम," आणि हात काही सोडला नाही. टबातलं पाणी गार झालं की तो ते सोडून देई आणि नवं भरी. एवढ्या वेदनेतही ते वाहून जाणारं पाणी मी बघत होते.

पुढे गुठळ्या विरघळवणारं औषध शिरेतून दिलं. मग 'बोन स्कॅन', म्हणजे बोटांत रक्त कुठवर पोचतंय ते दाखवणारी तपासणी. अंगठ्यात पोचत होतं. करंगळीत थोडं. मधल्या तिन्ही बोटांच्या टोकांशी अंधार. बोटांवर रक्ताने भरलेले फोड आले, मग ती काळी पडत गेली, चुलीत अर्धवट जळालेल्या काटक्यांसारखी. मला वाटलं, आता कापतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. थांबायचं. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, ती रेघ शरीर स्वतः ओढतं. घाई केली तर जिवंत भागही जाईल." याला 'डिमार्केशन' म्हणतात. यात आठवडे जातात. स्वतःचाच मेलेला हात रोज उशीवर घेऊन निजायचं.

घरी आले तेव्हा मिलिंदचा बांध फुटला. एरवी माझ्याशी शहरी मराठी बोलणारा पोरगा एकदम गावावर उतरला. "सांगितलं व्हतं का न्हाई मी? कावून बंद केला नळ? मेली असतीस ना!" आणि त्याने कपाटावर अशी मूठ मारली की फळी फुटली. मीही कमी नाही. "तुज्या काकूचं डोकं फुटलं ते इसरला का रं तू?" म्हणत मी हात उगारला, तोच काळा, पट्टी बांधलेला हात. मग तो तसाच खाली घेतला. पुढे कित्येक दिवस आमचं बोलणं औषधापुरतंच चाललं. बोटांपेक्षा ते मला जास्त दुखत होतं.

एक दिवस सोजरबाईचा व्हिडिओ कॉल आला. मला फोन धरता येईना, म्हणून मिलिंद धरून उभा राहिला. जयभीम झाला. सोजरबाईने पट्टी पाहिली, डोळे पुसले आणि सरळ मुद्द्यावर आली.

"कावून ग बंद केला नळ?"

"उगंच गळत व्हता बाई. दिसभर."

"मंग कोन बी बंद करंल. पर खाली बादली कावून न्हाई लावली?"

मी म्हटलं, "बादलीच न्हाई घरात."

"बादली न्हाई?" सोजरबाई फोनमध्ये घुसल्यासारखी जवळ आली. "असलं कसलं रं घर हे मिल्या? आईला आनली आन् बादली न्हाई आनली?"

मिलिंद आधी हसला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्या संध्याकाळी तो हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि रंगाची असते तसली मोठी केशरी बादली घेऊन आला. येताना मग्गाही शोधत होता म्हणे, पण मिळाला नाही.

झाडांना पालवी फुटली तेव्हा रेघ पक्की झाली. ऑपरेशन टेबलवर मी मनातल्या मनात वंदना म्हटली. तर्जनीची आणि मधल्या बोटाची दोन-दोन पेरं गेली, अनामिकेचं एक. अंगठा आणि करंगळी राहिली. गेलेली बोटं अजून खाजतात. 'फँटम पेन' म्हणतात, नसलेल्या अवयवाचं दुखणं. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नसतं, घाबरू नका.

खडूसारखं पेन मला आता अंगठा आणि बोटांच्या खुंटांच्या मध्ये धरावं लागतं. हे सगळं तसंच लिहिलंय, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलंय. डॉक्टरीणबाई, लाथ खाऊन हात न सोडणारा तो नर्स, खालचा म्हातारा, या लोकांनी माझा हात वाचवला. त्यांचे उपकार मी मेले तरी विसरणार नाही. नर्सची माफी मागितली, तर म्हणाला, त्याहून जोरात लाथा खाल्ल्यात.

आणि तुम्हाला सांगते, नळ बंद केल्याची मला लाज वाटत नाही. थंडीच्या घरात पाणी वाहतं ठेवावं लागतं, हे मी शिकले. पाणी वाया घालवू नये, हे त्या घराने शिकावं. किल्ली गळ्यात अडकवा, ओल्या हाताने लोखंडाला शिवू नका, आणि आईला आणाल तर बादली आधी आणा.

यंदा पुन्हा तशीच लाट आली. सकाळी मिलिंद नळाकडे वळणार, एवढ्यात मीच उठले. अंगठ्याने आणि करंगळीने नळ उघडला, दोऱ्याएवढी धार सोडली आणि खाली केशरी बादली सरकवली. मग सोजरबाईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. टँकर दोन दिवस आला नव्हता.

"ऐकू येतंय का बाई?" मी फोन बादलीच्या काठाशी नेला. तिने फोन उजव्या कानाला लावला असणार. डाव्याचा तर प्रश्नच नाही.

"आन् हे असंच चालू ऱ्हातं?" तिने विचारलं. "कुनी भांडत न्हाई?"

"न्हाई बाई. कुनीच न्हाई."

"मंग ऱ्हाऊ दे जरा फोन तिथंच."

बादली भरेपर्यंत मी तो तसाच धरून उभी राहिले.