तळघरातली कांचळी

रुबिना गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, सलीमनं, सकाळी फोनवर सांगितलं, ‘आपा गेली.’ दुपारी दिल्लीतल्या तिच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा शोकसंदेश आला आणि रडू यायच्या आधी मला किळस आली. ज्या नव्या दालनात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही, त्याच दालनाच्या फोटोवर तिचा चेहरा कापून चिकटवला होता... हसरा.

आमच्या ढाणकी गावच्या शाळेत रुबिना आणि मी एका बाकावर बसायचो. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याची ही मुलगी पुढे संग्रहालयाच्या वस्त्रविभागात अधिकारी झाली. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरच्या चंदरीबाईंनी आपली लग्नातली आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, तिच्या हाती सोपवली होती. काचेआड लावीन, खाली तुमचं नाव असेल, असा शब्द रुबिनानं दिला आणि पाळला. कितीतरी वर्षं ती कांचळी तिथं होती. जुनी इमारत दिसायला साधी, पण जाड भिंतींची. कापडावर ऊन पडू नये म्हणून दालनं मधल्या चौकापासून आत घेतलेली. मग नूतनीकरण निघालं. भिंती फोडून काचा बसवल्या, चौकात कॉफीचं दुकान आलं, आणि कापडं खोक्यांत भरून तळघरात गेली. थोड्या दिवसांसाठी, असं रुबिनाला सांगितलं होतं.

नवी मांडणी बाहेरच्या लोकांकडे होती, तिलाही आधी दाखवली नव्हती. उद्घाटनाला तिनं हौसेनं चंदरीबाईंना नेलं, मलाही. कांचळीच्या जागी प्लास्टिकची गोरीपान बाहुली होती, अंगात बाजारातला चकचकीत पोशाख. पाटीवर ‘भटकी स्त्री’. लोक तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. चंदरीबाईंनी बराच वेळ पाहिलं.

‘माही कुठी हाय?’ त्यांनी हळूच विचारलं.

रुबिना आम्हाला तळघरात घेऊन गेली. भिंतीला ओल, खोक्यांना बुरशी. कांचळीची एक बाही हातात घेताच तुटली. मागून आलेले संग्रहालयाचे साहेब म्हणाले की जुने रंग फोटोत उठत नाहीत, आणि वासाचं म्हणाल तर अत्तराचा फवारा मारून घेऊ. रुबिना बाहेर जाऊन ओकली. मी पाणी दिलं. चूळ भरून ती म्हणाली, ‘मले त्या बुरशीची घाण नाही वाटत वं. ह्या लोकायची वाटते.’

नव्या दालनाचं प्रमुखपद तिला मिळत होतं. तिनं ते नाकारून तळघर मागून घेतलं. वर समारंभ, सत्कार, खाली ही एकेक कापड वाळवत, झाडत, टाके घालत बसलेली. साहेबांनी तिच्याच कामावर भाषणं ठोकली. निवृत्तीच्या थोडं आधी तिनं भांडून एका कोपऱ्यातली लहान खोली मिळवली आणि कांचळी लावली, एका बाहीची, खाली चंदरीबाईंचं पूर्ण नाव. बोलावणं घेऊन ती स्वतः तांड्यावर गेली. त्यांनी चहा पाजला, पण दिल्लीला यायला नाही म्हणाल्या. एकदा पाह्यलं, पुरे. रुबिनानं आग्रह केला नाही.

परवा ढाणकीला गेले. तिची एक शाल मला द्यायची, असं घरच्यांनी ठरवलं होतं. सलीम ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून तसाच आला होता, हात ऑईलनं काळे. शाल काढण्यापूर्वी त्यानं ते धुतले, आधी रॉकेल, मग साबण, कोपरापर्यंत. पुसले, उजेडात धरून पाहिले आणि पुन्हा साबण लावला. मी म्हटलं, ‘राहू दे ना सलीम, धुवायचीच आहे ती.’

‘नाही ताई,’ तो म्हणाला, ‘आपा रागावते.’