वालाला इचारू

त्या दिवशी सकाळी नवसी आत्यानं दोन्ही मडक्यांना पाणी घातलं, पदराला हात पुसले आन् सुकाला बोलली, "आजून नाय. दुसरं पान येऊ दे."

सुका तिचा धाकटा भाऊ, म्हंजे आमचा बा. कुदळ घेऊनच उभा होता. पालघरच्या बाजारामागच्या ओहोळापासून वाडीपर्यंत चर खणून तयार होता, नुसता बांध फोडायचा बाकी. सदुसष्टचा उन्हाळा, विहिरीनं तळ दाखवलेला, वांगी माना टाकत होती. वांगी गेली तर घर बंद करून मिठागरावर राबायला जायचं, दुसरा इलाज नव्हता.

"बाय, बाजाराखालचं काळं पाणी म्हंजे खतपाणी," सुका बोलायचा. "वांगं फुगंल नुसतं!"

"फुगंल नायतर करपंल. वालाला इचारू."

तिची रीतच ती. नवं पाणी असो, नवी माती असो, आधी मडक्यात वाल लावायचा, मग वाडीला हात. एका मडक्याला ओहोळाचं बाजाराच्या वरचं पाणी, ते लांबून डोक्यावर आणायचं. दुसऱ्याला बाजाराच्या खालचं, चराजवळचं. आन् झालं काय, खालचाच वाल जास्त हिरवा उगवला.

"बघ, तुझाच वाल तुला हसतो," सुका टोचायचा.

"पैलं पान शिदोरी बियातनंच घेऊन येतं रे. दुसरं पाण्यावर जगतं."

मुरबे गावची येसूबाई खारी मासळी विकायची. बाजार उठला की सगळ्या बायांबरोबर टोपल्या ओहोळात धुवायची. तिथनंच ओरडायची, "नवसे, मडक्यातल्या वालानं कोनाचं पोट भरनार गो?"

"तुजं तर नाय भरनार, तुला डोंगर लागंल!" आन् दोघी खिदळायच्या. हसणारं माणूस होती आत्या. पण एकदा थांब बोलली की सुकासारखा तापट गडी पण थांबायचा.

त्या दुपारी वरचं पाणी आणताना ती बांधावर बसली. हंडा नीट खाली ठेवला, थेंब सांडू दिला नाय. मग उठलीच नाय.

सुतकाचे दिवस सरेपर्यंत सुका वाडीकडं फिरकला नाय. आमची आय मंगळी मात्र मडक्यांना ज्याचं त्याचं पाणी घालत राहिली. कार्य झालं आन् सुका कुदळ उचलून बांधाकडं निघाला. मंगळी आडवी आली.

"आधी मडकी बघ. तिचं तेवढं तरी ऐक."

वरच्या पाण्याचा वाल टवटवीत. खालच्याची दुसरी पानं कडेनं करपलेली, विस्तवाला लागल्यासारखी. मातीवर पांढरी साय धरलेली. सुकानं बोट लावून चाटलं. मीठ.

त्यानं चर बुजवला, बहिणीचा हंडा उचलला आन् वरच्या पाण्याला चालू लागला. त्या हंड्यावरच वांगी जगली.

बाजाराच्या दिवशी येसूबाई भेटायला आली. रडली. मडकं बघितलं, तिनं पण बोट लावून चाटलं, आन् टोपल्या धुवायच्या त्या ओहोळाकडं बघितलं. त्या दिवशी बाजार उठल्यावर ती ओहोळावर गेली नाय. टोपल्या रस्त्यावर उपड्या घालून झटकल्या आन् न धुता तशाच डोक्यावर घेऊन मुरब्याच्या वाटेला लागली.